बीएसटीत दोन नोडचा सामाईक पूर्वज: कोड चालला, पण 'का' विचारल्यावर गप्प झालो

पायवाट_०७ · मंगळवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या आठवड्यात एका कंपनीचा इंटरव्ह्यू झाला, तिथला एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. प्रश्न सोपा होता, बायनरी सर्च ट्री, म्हणजे बीएसटी (प्रत्येक नोडच्या डावीकडे लहान आकडे, उजवीकडे मोठे) दिलंय, त्यातले दोन नोड, म्हणजे आकडे ठेवलेल्या दोन जागा, दिलेत, त्यांचा सगळ्यात जवळचा सामाईक पूर्वज शोधा, म्हणजे एलसीए (लोएस्ट कॉमन अॅन्सेस्टर). मी रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच परत बोलावणं) लावलं, डावीकडे शोध, उजवीकडे शोध, दोन्हीकडून काहीतरी परत आलं तर हाच नोड उत्तर, नाहीतर जिकडून आलं ते वर पाठव. कोड चालला, उत्तर बरोबर आलं.

मग समोरच्या मॅडमनी विचारलं, "मी तुला बीएसटी दिलाय. त्याऐवजी साधं बायनरी ट्री दिलं असतं तर या कोडमध्ये काय बदललं असतं?" मी दोन मिनिटं बघत बसलो आणि म्हणालो, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मग मी बीएसटी दिला हे तू वापरलंच नाहीस." नंतर मला एक गुणाकाराची ट्रिक पाठ होती ती लिहिली, पण ती का चालते ते सांगता येईना. तिथेच संपलं.

आता मला हे मुळापासून समजून घ्यायचंय, पाठ नाही करायचं. झाड हे घेऊ:

५०
३० — ७०
२० — ४० — ६० — ८०
३५ आणि ४५ ही ४० ची मुलं, ६५ हे ६० चं उजवं मूल

वरून खाली येताना जिथे दोघांची दिशा वेगळी होते तो नोड उत्तर, एवढं वाचलंय. पण तोच का? आणि एक नोड दुसऱ्याच्या वरच असेल तर काय, आणि दिलेला नोड झाडात नसेलच तर? कोणी निवांत समजावेल का.

शेवटची_एसटी · मंगळवार, रात्री ११:४८

भावा तू बीएसटीला साधं झाड समजून सगळीकडे माणसं पाठवलीस, गोष्ट एवढीच आहे. मी याला फाटा म्हणतो, बघ पटतंय का.

स्वारगेटवरून दोन जण निघाले, एकाला महाबळेश्वर, दुसऱ्याला कोल्हापूर. कात्रज एकत्र, शिरवळ एकत्र, खंबाटकी घाट एकत्र, आणि सुरूर फाट्याला एक जण वाईकडे वळतो आणि दुसरा सरळ साताऱ्याकडे जातो. आता दोघांच्या रस्त्यात कॉमन ठिकाणं किती? भरपूर, स्वारगेटसुद्धा कॉमन आहे. पण शेवटचं कॉमन ठिकाण एकच, फाटा. झाडातलं रूट म्हणजे स्वारगेट आणि एलसीए म्हणजे फाटा.

आता साध्या बायनरी ट्रीत रस्त्यावर पाट्या नसतात. ४५ कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून दोन्ही रस्त्यांना माणसं पाठवायची आणि ती निरोप घेऊन परत येईपर्यंत थांबायचं, तुझं रिकर्जन हेच करतं. बीएसटीत प्रत्येक नोडवर पाटी आहे. ५० वर उभा राहिलास की पाटी सांगते, लहान सगळे डावीकडे, मोठे सगळे उजवीकडे. मग माणसं पाठवायचीच कशाला, पाटी वाच आणि चाल.

तुझ्याच झाडात ३५ आणि ४५ घे. ५० वर दोघेही लहान, डावीकडे. ३० वर दोघेही मोठे, उजवीकडे. ४० वर ३५ लहान आणि ४५ मोठा, फाटा आला, थांब. उत्तर ४०. तीन पाट्या वाचल्यास, उजवीकडच्या ७० च्या फांदीत डोकावलाससुद्धा नाहीस.

आणि एक दुसऱ्याच्या वरच असेल तर, म्हणजे एकाला साताऱ्याला उतरायचंय आणि दुसऱ्याला कोल्हापूरला, तेव्हा फाटा फुटतच नाही. पहिला उतरला तेच शेवटचं एकत्र ठिकाण. ३० आणि ४५ घेतलेस तर ३० वर आल्यावर पहिल्याचं गाव आलं, उत्तर ३०.

पायवाट_०७ · बुधवार, सकाळी ७:०५

दादा, पाटीचं एकदम डोक्यात बसलं. पण अजून एक शंका आहे, इंटरव्ह्यूत हीच विचारतील. फाटा मिळाला की मी थांबतो, पण याच्याही खाली अजून एखादा सामाईक पूर्वज नसेल कशावरून? 'दिसतंय की' असं सांगून चालणार नाही ना.

खडूफळा · बुधवार, सकाळी ९:३०

बरोबर जागी अडलायस. मी डिप्लोमाला डेटा स्ट्रक्चर शिकवते, बरीच मुलं चालायची कृती सांगतात पण हा प्रश्न त्यांना पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, फाट्याचा नोड दोघांचा पूर्वज आहे. दोन, त्याच्या खालचा कुठलाही नोड दोघांचा पूर्वज असू शकत नाही.

पहिली सोपी आहे. रूटच्या सबट्रीत (म्हणजे तो नोड आणि त्याच्या खालचं सगळं) सगळेच आहेत म्हणजे हे दोघेही आहेत. नंतर आपण डावीकडे फक्त तेव्हाच गेलो जेव्हा दोघेही लहान होते, आणि बीएसटीच्या नियमाप्रमाणे लहान नोड डाव्या सबट्रीतच असणार. म्हणजे प्रत्येक पावलाला 'दोघेही आपण उभे आहोत त्या सबट्रीत आहेत' ही गोष्ट खरी राहते. फाट्यावर पोहोचलो तेव्हाही ती खरीच आहे, म्हणून फाटा दोघांचा पूर्वज.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची. फाट्यावर एक लहान निघाला आणि एक मोठा. फाट्याच्या खालचा कुठलाही नोड घे, तो एकतर डाव्या सबट्रीत असेल नाहीतर उजव्या. डाव्यातला असेल तर त्याच्या पोटात सगळे फाट्यापेक्षा लहान, मग मोठा जो आहे तो त्याच्या खाली असूच शकत नाही. उजव्यातला असेल तर तेच उलट. आणि फाटा स्वतःच दोघांपैकी एक असेल तर त्याच्या खालचा कोणीही त्याचा पूर्वज कसा असेल? संपलं. फाटा सोडून उरलेले सामाईक पूर्वज सगळे त्याच्या वरच आहेत.

इंटरव्ह्यूत हे चार वाक्यांत सांगता यायला पाहिजे, कागदावर लिहून बघ.

आकड्यांचाही अंदाज घे. पूर्ण भरलेल्या झाडात २० पातळ्यांमध्ये १०,४८,५७५ नोड मावतात. पाट्या वाचत गेलास तर जास्तीत जास्त २० नोड बघशील. तुझा पहिला कोड वाईट परिस्थितीत दहा लाखांच्या वर नोडना भेट देऊन येईल. त्या मॅडमना हाच फरक ऐकायचा होता.

नवीन_वळण · बुधवार, सकाळी १०:५५

मधेच विचारते, मी कॉमर्सवाली आहे, आत्ता कोडिंग शिकतेय. सगळीकडे 'सगळ्यात खालचा' सामाईक पूर्वज असं लिहिलेलं असतं आणि मला खालचा म्हणजे लांबचा वाटतो, पूर्वज तर वर असतात ना?

खडूफळा · बुधवार, सकाळी ११:२०

अगदी रास्त शंका. आपण झाड उलटं काढतो, रूट वर आणि पानं खाली. पूर्वज वरच असतात, पण त्यातला जो सगळ्यात खाली, म्हणजे या दोघांच्या सगळ्यात जवळ, तो हवाय. सख्खे चुलत भाऊ म्हटलं की आपण म्हणतो आजोबा एक. त्यांचे खापरपणजोबाही एकच असतात, पण नातं सांगताना कोणी तिथपर्यंत जात नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेव. घरात कोणी स्वतःचा पूर्वज नसतो, या प्रश्नात मात्र नोड स्वतःचा पूर्वज धरला जातो. ३० आणि ४५ चं उत्तर ५० नाही, ३० येतं ते म्हणून. व्याख्या वेगळी दिली असेल तर आधी विचारून घ्यायचं.

चार_स्पेस · बुधवार, दुपारी १:१५

कोड कोणीच टाकला नाही म्हणून टाकतो, भाषा कुठलीही असो, साचा हाच (पी आणि क्यू म्हणजे दिलेले दोन नोड):

आत्ता = रूट
जोपर्यंत आत्ता रिकामा नाही
— पी आणि क्यू दोन्ही आत्ता पेक्षा लहान असतील तर आत्ता = आत्ताचा डावा
— नाहीतर, दोन्ही मोठे असतील तर आत्ता = आत्ताचा उजवा
— नाहीतर आत्ता परत दे

बस. शेवटच्या ओळीतल्या 'नाहीतर' मध्ये तीन गोष्टी आपोआप बसतात, फाटा फुटला, किंवा आत्ता म्हणजेच पी, किंवा आत्ता म्हणजेच क्यू. वेगळे इफ लिहायची गरज नाही. बरेच जण आधी पी लहान की क्यू लहान ते बघून अदलाबदल करतात, ते केलं तरी चालतं पण या साच्याला लागत नाही कारण आपण दोघांनाही एकाच बाजूला आहेत का एवढंच विचारतोय. रिकर्जन नाही, स्टॅक नाही, जास्तीची मेमरी एका पॉइंटरची.

घाईत_आहे · बुधवार, दुपारी २:४०

इतकं पण लागत नाही, एका ओळीत होतं. आत्ता वजा पी, गुणिले आत्ता वजा क्यू. गुणाकार शून्यापेक्षा मोठा आला तर दोघे एकाच बाजूला, पुढे चला, नाहीतर थांबा. सगळीकडे हीच ट्रिक आहे, आणि बीएसटी असल्यामुळे टाइम लॉग एन (एन नोड असतील तर एन जितक्या वेळा निम्मा करता येतो साधारण तेवढी पावलं). विषय संपला.

बत्तीस_बिट · बुधवार, संध्याकाळी ६:०५

विषय संपला नाही, या ट्रिकने मी स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे म्हणून कळकळीने सांगतो.

जावात इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) ३२ बिटचा, सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. आता रूट ६०,०००, त्याचा डावा १०,०००, त्याचा डावा ९,००० असं झाड घ्या. पी ९,००० आणि क्यू १०,०००. बरोबर उत्तर १०,०००. ट्रिक लावा: ५१,००० गुणिले ५०,००० म्हणजे २,५५,००,००,०००. हे इंटमध्ये मावत नाही, फिरून −१,७४,४९,६७,२९६ होतं. उणे आलं, ट्रिक म्हणते फाटा आला, आणि रूटलाच थांबून ६०,००० परत देते. चुकीचं उत्तर, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. छोट्या टेस्ट केस सगळ्या पास होतात म्हणून लक्षातही येत नाही.

सी प्लस प्लसमध्ये तर साइन्ड इंट ओव्हरफ्लो झाला की काय होईल याची भाषा हमीच देत नाही. ६४ बिटच्या लाँगमध्ये टाकून गुणाकार केला तर लीटकोडच्या (कोडिंगच्या सरावाची साइट) मर्यादेत, म्हणजे उणे १०० कोटी ते अधिक १०० कोटी, बसतं. पण मुळात आपल्याला चिन्ह हवंय, गुणाकार नकोय. दोन तुलना लिहिल्या की काम झालं आणि वाचणाऱ्यालाही कळतं. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही म्हणून तिथे चालून जातं, आणि मग तीच सवय जावात येते.

पायवाट, तू इंटरव्ह्यूत जी ट्रिक लिहिलीस ती हीच असणार.

पायवाट_०७ · बुधवार, संध्याकाळी ६:३०

हो हीच!! आणि मी कोड जावात लिहीत होतो.

चार_स्पेस · बुधवार, रात्री ८:१०

आणि 'बीएसटी असल्यामुळे लॉग एन' हेही दुरुस्त करू या, नाहीतर कोणीतरी तसंच पाठ करून जाईल. टाइम आहे झाडाच्या उंचीइतका. झाड समतोल असेल तरच उंची लॉग एनच्या आसपास.

१ पासून १०,००० पर्यंत आकडे चढत्या क्रमाने साध्या बीएसटीत टाका, प्रत्येक नवीन आकडा आधीच्याच्या उजवीकडे लटकतो, झाड कसलं, साखळी होते. उंची १०,०००. आता ९,९९८ आणि ९,९९९ चा पूर्वज शोधायला जवळजवळ सगळी साखळी उतरावी लागते. आणि हे रिकर्जनने लिहिलं असेल तर पायथनची रिकर्जनची मर्यादा मुळात १,००० ठेवलेली असते, तिथेच एरर येऊन थांबतं. पायथन शेपटीच्या रिकर्जनचं (फंक्शनने शेवटचं काम म्हणून स्वतःलाच बोलावणं) लूप करून देत नाही. सी प्लस प्लसचा कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असेल तर बऱ्याचदा करतो, पण त्यावर विसंबण्यापेक्षा लूपच लिहा, वर टाकलाय तो.

समतोलाची हमी हवी असेल तर तशी झाडं आहेत. अदेल्सन-वेल्स्की आणि लांडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ साली जे मांडलं ते एव्हीएल, त्यात उंची साधारण लॉग एनच्या १.४४ पटीच्या वर जात नाही, म्हणजे दहा लाख नोडना २८ च्या आसपास. रेड-ब्लॅकमध्ये दुप्पटपर्यंत जाऊ शकते, तरी ४० च. जावाचा ट्रीमॅप रेड-ब्लॅकच आहे. एलसीएचा कोड मात्र एका अक्षराने बदलत नाही, तो फक्त क्रम बघतो.

घाईत_आहे · बुधवार, रात्री ८:५०

मान्य, दोन्ही चुका माझ्याच. ६०,००० वालं झाड आत्ता चालवून बघितलं, खरंच रूट आलं. माझ्या गिटवरच्या नोट्समध्ये दुरुस्त केलं.

पायवाट_०७ · बुधवार, रात्री ९:३५

आता नोड झाडात नसेल तर? ३६ आणि ४५ दिलं तर चार_स्पेस यांच्या कोडने ४० येतं, मी कागदावर केलं. पण ३६ तर झाडात नाहीच.

खडूफळा · बुधवार, रात्री १०:१५

छान पकडलंस. कोड व्हॅल्यूची तुलना करतो, नोड भेटला की नाही हे तो बघतच नाही. ३६ असता तर त्याचा फाटा ४० ला फुटला असता, एवढंच त्याने सांगितलं.

उपाय अवघड नाही. फाटा मिळाला की त्याच्यापासून खाली पी शोधायचा, मग क्यू शोधायचा. दोन्ही सापडले तर फाटा उत्तर, नाहीतर 'नाही' सांगायचं. ४० वरून ३६ शोधायला गेलास तर ३५ वर येशील, उजवीकडे जायचंय आणि तिथे काही नाही. एवढ्याने टाइमही बिघडत नाही, खाली उतरणं उंचीच्या पलीकडे जात नाही. रूटपासून परत सुरुवात मात्र करू नकोस, वरचा रस्ता दोघांचा एकच आहे हे आपण आधीच बघितलंय.

तुझ्या पहिल्या साध्या झाडाच्या कोडमध्ये हीच अडचण जास्त लबाड होते. त्यात ४५ आणि ९९ दिलंस तर तो ४५ परत देईल, जणू ४५ हा ९९ चा पूर्वज आहे. लीटकोडवर २३५ हा बीएसटीचा आणि २३६ हा साध्या झाडाचा, दोन्हींत नोड असणारच अशी अट दिलेली आहे, १६४४ मध्ये ती अट काढून टाकली आहे. या क्रमाने तिन्ही सोडव, फरक हाताला कळेल.

नवीन_वळण · गुरुवार, सकाळी ८:२०

मॅडम, एकच आकडा दोनदा असेल तर? बिलं भरताना सारख्या रकमा किती येतात.

खडूफळा · गुरुवार, सकाळी ९:०५

मग नुसत्या तुलनेवर भागत नाही. समज सारखे आकडे उजवीकडे ठेवायचे असा नियम आहे आणि तीन ४० एकाखाली एक उजवीकडे आहेत. तुला दुसऱ्या आणि तिसऱ्या ४० चा पूर्वज हवाय, उत्तर दुसरा ४०. पण आपला कोड वरून येताना पहिल्याच ४० वर 'दोन्ही लहान नाहीत, दोन्ही मोठे नाहीत' म्हणून थांबेल. तो पूर्वज आहे, पण सगळ्यात जवळचा नाही. म्हणून एकतर प्रत्येक नोडला रकमेसोबत वेगळा नंबर जोडायचा, जसा तुमच्याकडे बिल नंबर असतो, आणि तुलना दोन्ही मिळून करायची, नाहीतर एका नोडमध्ये किती वेळा आला ते मोजून ठेवायचं. इंटरव्ह्यूत बहुतेक वेळा व्हॅल्यू वेगवेगळ्या असतील असं सांगतात. नाही सांगितलं तर विचारायचं.

सात_समुद्र · गुरुवार, दुपारी ४:४५

जर्मनीत असतो, डेटाबेसच्या आतल्या कामात आहे, दोन दिवस हा धागा वाचतोय. मला या प्रश्नातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट अजून कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

पायवाटच्या झाडातले आकडे चढत्या क्रमाने मांडा: २०, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६०, ६५, ७०, ८०. आता पी आणि क्यू कुठलेही दोन घ्या आणि त्यांच्यामधला पट्टा बघा, दोघांना धरून. एलसीए कायम या पट्ट्यातच असतो, कारण फाट्यावर एक लहान-किंवा-तोच आणि दुसरा मोठा-किंवा-तोच असतो, म्हणजे फाटा दोघांच्या मधेच. आणि पट्ट्यातले बाकी सगळे त्याच्या खाली असतात. म्हणजे एलसीए हा त्या पट्ट्यातला सगळ्यात वर असलेला नोड. ३५ ते ६५ चा पट्टा घ्या, ३५, ४०, ४५, ५०, ६०, ६५, यात सगळ्यात वर ५०. बरोबर.

याच्या पुढची पायरी. साधा बीएसटी आहे, फक्त आकडे टाकत गेलोय, काही काढलं नाही की फिरवलं नाही. मग पी आणि क्यूच्या पट्ट्यातला जो आकडा सगळ्यात आधी टाकला गेला तोच एलसीए. झाड बांधायची गरजच नाही! समजा आकडे ५०, ३०, ७०, ४०, २०, ६०, ८०, ४५, ३५, ६५ या क्रमाने आले, यातून पायवाटचंच झाड तयार होतं. ३५ आणि ४५ च्या पट्ट्यात ३५, ४०, ४५, यात आधी आला ४०. २० आणि ३५ च्या पट्ट्यात २०, ३०, ३५, आधी आला ३०. ६० आणि ८० मध्ये ६०, ६५, ७०, ८०, आधी आला ७०. तिन्ही तपासून बघा.

का होतं? जोपर्यंत पट्ट्यातला एकही आकडा झाडात नाही तोपर्यंत झाडातला प्रत्येक नोड एकतर पट्ट्यातल्या सगळ्यांपेक्षा लहान आहे नाहीतर सगळ्यांपेक्षा मोठा. म्हणजे पट्ट्यातल्या सगळ्यांची वाट शेवटपर्यंत एकच. पहिला आकडा येऊन त्या रिकाम्या जागी बसतो आणि मग त्याच्याच अंगावर बाकीच्यांची वाट फुटते. फाटा त्याच्यामुळे तयार झाला.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एका रात्रीत चार-पाच वेळा वेगवेगळे क्रम घेऊन झाडं काढून बघितली होती. झाडाचा आकार म्हणजे आकडे कोणत्या क्रमाने आले त्याचा इतिहास आहे, आणि एलसीए विचारणं म्हणजे या दोघांच्या मधे पहिला कोण आला ते विचारणं.

एव्हीएल किंवा रेड-ब्लॅकमध्ये समतोल राखायला नोड फिरवले की 'आधी कोण आला' हे तुटतं. 'पट्ट्यात सगळ्यात वर कोण' हे मात्र टिकतं.

बत्तीस_बिट · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

हे जबरदस्त आहे. म्हणजे एलसीए हा पट्ट्यातल्या सगळ्यात कमी खोलीचा प्रश्न झाला, रेंज मिनिमम. मग झाड बदलत नसेल आणि लाखभर प्रश्न विचारायचे असतील तर आधी थोडी तयारी करून प्रत्येक उत्तर ठरावीक वेळात देता यावं?

सात_समुद्र · गुरुवार, रात्री ९:५०

येतं, आणि बीएसटीतच नाही, कुठल्याही झाडात. हॅरेल आणि टार्जन यांनी १९८४ मध्ये ते दाखवलं, नोडच्या संख्येच्या प्रमाणात तयारी आणि प्रत्येक प्रश्नाला ठरावीक वेळ. पण ते समजायला आणि लिहायला जड होतं. शिबर आणि विश्किन यांनी १९८८ मध्ये सोपं केलं आणि २००० साली बेंडर आणि फराच-कोल्टन यांनी रेंज मिनिममवरून इतकं सुटसुटीत मांडलं की आता माणूस ते एका दुपारी लिहू शकतो. पण समतोल बीएसटीत २०-३० पावलांत उत्तर मिळत असताना हे सगळं कशाला, हाही विचार करावा. खोल आणि वाकडंतिकडं झाड असेल आणि प्रश्न खूप असतील तरच त्याचा उपयोग.

घाईत_आहे · गुरुवार, रात्री १०:२०

गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) मर्ज करताना दोन ब्रँचचा कॉमन कमिट, म्हणजे जतन केलेली आवृत्ती, शोधतात तो पण एलसीएच ना?

चार_स्पेस · गुरुवार, रात्री १०:४०

कल्पना तीच, पण तिथे झाड नाही. मर्ज कमिटला दोन पालक असतात, त्यामुळे तो ग्राफ होतो आणि दोन ब्रँच एकमेकींत आलटून पालटून मर्ज केल्या असतील तर सगळ्यात जवळचे पूर्वज एकापेक्षा जास्त निघू शकतात. मर्ज-बेस कमांडला सगळे दाखव असं सांगायची सोय त्यासाठीच आहे. आणि कमिटमध्ये पाटीही नाही, लहान डावीकडे मोठा उजवीकडे असं काही नाही. त्यामुळे आपला लूप तिथे लागू होत नाही.

पायवाट_०७ · शनिवार, रात्री ११:०२

तीन दिवस यावरच होतो. २३५, २३६, १६४४ तिन्ही सोडवले, कॉपी न करता. खडूफळा मॅडमची सिद्धता माझ्या रूममेटला समजावली, त्याने मधेच थांबवून विचारलं की फाटा स्वतः पी असेल तर काय, आणि मला सांगता आलं. सात_समुद्र दादांचं 'आधी कोण आला' मी प्रोग्रॅम लिहून तपासलं, आकडे उलटसुलट करून हजार झाडं बांधली आणि दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळवली, प्रत्येक वेळी तेच आलं.

रूममेटने मग त्यातूनच एक प्रश्न दिला, दोन नोडमधलं अंतर किती. मी असं केलं, आधी फाटा शोधला, मग फाट्यापासून पी पर्यंतची पावलं आणि क्यू पर्यंतची पावलं मोजून बेरीज. ३५ आणि ६५ ला फाटा ५०, तिथून ३५ तीन पावलं, ६५ पण तीन, एकूण ६. बरोबर आहे ना? मी आधी रूटपासून दोघांची खोली मोजून बेरीज करत होतो, त्यानेही इथे ६ च येत होतं म्हणून जरा गोंधळलो.

शेवटची_एसटी · शनिवार, रात्री ११:२५

६ बरोबर. रूटपासून मोजूनही ६ आलं कारण इथे फाटाच रूट आहे. ३५ आणि ४५ घेऊन बघ, रूटपासून मोजलंस तर ३ अधिक ३ म्हणजे ६ येईल, खरं अंतर २ आहे. स्वारगेट ते फाटा हा रस्ता दोघांच्या हिशोबात उगाच आला, तो दोनदा वजा करायला लागेल, ५० ते ४० ही २ पावलं, दोनदा म्हणजे ४, ६ वजा ४, उरले २.

पायवाट_०७ · शनिवार, रात्री ११:३१

आलं लक्षात. आता ३० आणि ४५ चं काढतो, तिथे फाटा म्हणजे ३० च, मग एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला २. अंतर २.

शेवटची_एसटी · शनिवार, रात्री ११:३३

बरोबर.